अणुविजेचे बिल कोणाच्या नावे?

पिंपरी, भोसरी आणि चाकण परिसरातील बहुसंख्य कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, याचे बाहेरगावच्या पाहुण्याला नेहमीच नवल वाटते. या प्रथेचे मूळ विजेच्या टंचाईत आहे. सगळे कारखाने एकाच दिवशी सुरू राहिले तर यंत्रणेवरील ताण पेलवत नाही, म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे निरनिराळे वार वाटून देण्यात आले आणि पुणे परिसराच्या वाट्याला गुरुवार आला. टंचाई कमी झाली, तरी वार कायम राहिला. विजेच्या अभावाने एखाद्या औद्योगिक नगरीचे दिनमान कसे घडते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

२००५-०६ मध्ये भारनियमनाने महाराष्ट्र हैराण झाला असताना याच पट्ट्यातून एक तोडगा पुढे आला. कारखान्यांनी आपापली डिझेलवरील जनित्रे टंचाईच्या वेळी चालवावीत, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळावी आणि वाढीव खर्चाचा भार पुणे व पिंपरी-चिंचवडमधील ग्राहकांनी उचलावा, अशी ती योजना होती. २००६ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने तिला मान्यता दिली आणि ती 'पुणे प्रारूप' म्हणून देशभर ओळखली गेली. खात्रीची वीज हवी असेल तर तिची जादा किंमत कोणाला तरी मोजावी लागते, हे या योजनेने उघडपणे मान्य केले होते. किंमत किती आणि ती कोणाच्या बिलात, हेही ठाऊक होते.

आज हाच प्रश्न अणुविजेच्या संदर्भात नव्याने उभा आहे. २०४७ पर्यंत देशाची अणुवीज क्षमता १०० गिगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. सध्याची क्षमता नऊ गिगावॅटच्या आतबाहेर आहे आणि देशाच्या एकूण वीजनिर्मितीत अणुविजेचा वाटा जेमतेम तीन टक्के भरतो. छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी त्याच अर्थसंकल्पात २० हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने २२० मेगावॅटच्या 'भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर'साठी खासगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले होते. पैसा, जमीन व पाणी उद्योगाने द्यावे, अणुभट्टी कॉर्पोरेशनने चालवावी आणि वीज उद्योगाने स्वतःसाठी वापरावी, असे त्याचे स्वरूप आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या आद्याक्षरी नावाचा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणु-नुकसानभरपाई कायदा हे दोन्ही त्याने मोडीत काढले आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडून दिले. कारखानदारीच्या पट्ट्याला या घडामोडींविषयी औत्सुक्य वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पुणे प्रारूपात जो हिशोब उघड होता, तो येथे तितकासा उघड नाही.

रात्रपाळीची गरज

अणुविजेचे समर्थक जो मुद्दा मांडतात, तो या पट्ट्यात तरी हसण्यावारी नेता येणार नाही. चाकणमधील वाहननिर्मितीचे प्रकल्प, त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने आणि भोसरीतील ओतकाम-जोडकामाच्या शेकडो छोट्या शेड यांतील बरेचसे काम दोन वा तीन पाळ्यांत चालते. विजेवरच्या भट्टीत वितळलेले लोखंड असताना वीज गेली तर ते भट्टीतच गोठण्याची भीती असते. रंगकामाच्या विभागात पुरवठा क्षणभर खंडित झाला तरी तयार होत असलेला माल बाद होतो. छतावरील सौरपट्ट्या दिवसाचे बिल कमी करतात, रात्रपाळीला मात्र त्यांचा थेट उपयोग नाही. शिवाय युरोपातील वाहन कंपन्या आता पुरवठादारांकडे सुट्या भागाच्या किमतीबरोबरच तो तयार करताना झालेल्या कार्बन उत्सर्जनाचाही हिशोब मागू लागल्या आहेत. कोळशाच्या विजेवर घडवलेला भाग उद्या महाग पडणार, ही चिंता निराधार नाही.

चोवीस तास चालणारी आणि धूर न सोडणारी वीज अणुभट्टी देऊ शकते, हे खरे आहे. कोकणपट्टीवरील तारापूरने ते १९६९ पासून दाखवून दिले आहे. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या तेथील पहिल्या दोन भट्ट्यांनी महाराष्ट्र व गुजरातला अनेक वर्षे अतिशय स्वस्त वीज पुरवली. २००५ आणि २००६ मध्ये तेथेच प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन स्वदेशी भट्ट्या सुरू झाल्या. तेव्हा अणुवीज चालते की नाही, हा वादाचा विषय नाही. ती केवढ्याला पडते, बिघडल्यास काय होते आणि तिची राख कोठे ठेवायची, हे वादाचे विषय आहेत.

खर्चाचे गणित

स्वदेशी बनावटीच्या ७०० मेगावॅटच्या दहा भट्ट्यांना केंद्राने २०१७ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा खर्चाचा अंदाज १ लाख ५ हजार कोटी रुपयांचा होता. म्हणजे मेगावॅटमागे १५ कोटी. सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे साडेचार कोटींच्या आसपास खर्च येतो. ही तुलना वरवर एकतर्फी दिसते, पण ती अपुरी आहे. ८० टक्के क्षमतेने चालणारी अणुभट्टी मेगावॅटमागे वर्षाला ७० लाख युनिट देते. सूर्य रात्री नसतो, म्हणून २२ टक्के धरून सौर प्रकल्पाकडून १९ लाख युनिट मिळतात. वर्षाला एक युनिट मिळवण्यासाठी गुंतवावे लागणारे भांडवल त्यामुळे अणुविजेत साधारण २१ रुपये, तर सौरविजेत २३ रुपये येते. कागदावर दोन्ही जवळपास सारखेच.

खरा फरक काळाचा आहे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. गुजरातमधील काकरापारच्या तिसऱ्या भट्टीचे बांधकाम २०१० मध्ये सुरू झाले आणि व्यापारी वीजनिर्मितीला जून २०२३ उजाडला. बांधकामाच्या काळात दरवर्षी सारखी रक्कम दहा टक्के व्याजाने उचलली, तर सहा वर्षांत गुंतवलेल्या १०० रुपयांचे सुमारे १२९ होतात, बारा वर्षांत १७८. एकही युनिट तयार होण्यापूर्वीच हा बोजा चढलेला असतो. त्यात अंदाजपत्रके फुगण्याचा अनुभव जुना आहे. तमिळनाडूतील कुडनकुलमच्या पहिल्या दोन भट्ट्यांचा खर्च १३,१७१ कोटींवरून २२,४६२ कोटींवर गेला. कल्पाक्कमची शीघ्र प्रजनक भट्टी २००३ मध्ये ३,४९२ कोटींना मंजूर झाली. तिचा गाभा भरण्यास सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये आणि तोवर खर्च दुपटीच्या घरात पोहोचला होता.

श्रीमंत देशांचा अनुभव याहून वेगळा नाही. फ्रान्समधील फ्लामाँव्हिल येथील भट्टी ३.३ अब्ज युरोत २०१२ पर्यंत पूर्ण व्हायची होती. ती डिसेंबर २०२४ मध्ये वीजजालाला जोडली गेली. व्याजासह तिचा खर्च २३.७ अब्ज युरोंवर गेल्याचा अंदाज तेथील सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये मांडला. फिनलंडमधील तशीच भट्टी चौदा वर्षे उशिराने, एप्रिल २०२३ मध्ये नियमित सुरू झाली. अमेरिकेतील व्होगल प्रकल्पाच्या दोन भट्ट्या १४ अब्ज डॉलरच्या अंदाजावरून ३० अब्जांच्या पुढे गेल्या. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरला फ्लामाँव्हिलच्याच जातीच्या, प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या बसवण्याचा करार डिसेंबर २०१० मध्ये झाला होता. पंधरा वर्षे उलटली तरी तेथे बांधकाम सुरू झालेले नाही. त्यामागे स्थानिक विरोध आहेच, पण विजेचा दर परवडेल का, हा दोन्ही सरकारांमधील न सुटलेला प्रश्नही आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची महागडी वीज घेणे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाला थांबवावे लागले होते. ज्या राज्याने एवढी मोठी किंमत मोजली, त्याने दराचा आकडा पाहिल्याशिवाय सही न करणे हा शहाणपणाच म्हटला पाहिजे.

छोट्या भट्ट्या या दुखण्यावर उपाय ठरतील, असे सांगितले जाते. आकार लहान, म्हणून भांडवल कमी आणि बांधकाम लवकर, हा त्यामागचा विचार. पण मोठ्या भट्ट्या मोठ्या झाल्या त्या युनिटमागचा खर्च कमी करण्यासाठीच. सुरक्षेची व्यवस्था, पहारा, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि नियामकाच्या तपासण्या भट्टी लहान झाली म्हणून त्या प्रमाणात लहान होत नाहीत. एकाच नमुन्याच्या अनेक भट्ट्या कारखान्यात तयार झाल्या तरच हा तोटा भरून निघेल. तोवर पहिल्या काही ग्राहकांना प्रयोगाची किंमत मोजावी लागणार, हे उद्योगांनी गृहीत धरले पाहिजे.

अपघात आणि पहारेकरी

भारतातील अणुवीज केंद्रांत चेर्नोबिल वा फुकुशिमासारखी दुर्घटना झालेली नाही, ही समाधानाची बाब होय. परंतु कसोटीचे प्रसंग आले नाहीत, असे मात्र नाही. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. केबल जळाल्या आणि संपूर्ण केंद्राचा वीजपुरवठा सुमारे सतरा तास बंद पडला. भट्टी थंड ठेवण्यासाठी कर्मचाऱ्यांना आग विझवण्याच्या डिझेल पंपांचा आधार घ्यावा लागला. त्यांच्या धैर्यामुळे अनर्थ टळला. काकरापारच्या पहिल्या भट्टीत ११ मार्च २०१६ रोजी शीतक नळीतून मोठी गळती झाली, तेव्हा फुकुशिमाच्या घटनेला बरोबर पाच वर्षे पूर्ण होत होती. भट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली, पण ती पुन्हा सुरू होण्यास बराच काळ लागला.

या घटनांतून तांत्रिक धडे घेतले गेले. संस्थात्मक धडा मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियमन मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, त्याचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचे सचिवच असत. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे, त्याच्याच हाताखाली पहारेकरी, असा हा प्रकार होता. महालेखापालांनी २०१२ च्या अहवालात त्यावर कठोर बोट ठेवले. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे स्वागतार्ह आहे. मात्र नावापुढे कायद्याचे कलम लागले म्हणून संस्था स्वतंत्र होत नाही. नेमणुका कोण करतो, अहवाल जाहीर होतात का आणि खासगी मालकाची भट्टी बंद करण्याचा आदेश देताना मंडळाचा हात थरथरणार नाही ना, यावर ते ठरेल. कारखाने निरीक्षकांची संख्या आणि अधिकार यांची अवस्था काय आहे, हे भोसरी-चाकणमधील कामगाराला वेगळे सांगावे लागत नाही. कारखान्यातील अपघातानंतर चौकशी आणि चौकशीनंतर शांतता, हा क्रम त्याच्या परिचयाचा आहे.

किरणोत्सर्ग आपल्यापासून कोसो दूर, तारापूरला आहे, हाही एक भ्रमच आहे. जोडकाम व ओतीव भागांतील दोष शोधण्यासाठी औद्योगिक वसाहतींत इरिडियम-१९२ सारखे किरणोत्सर्गी स्रोत नेहमीच वापरले जातात. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एप्रिल २०१० मध्ये एका विद्यापीठातील जुने उपकरण भंगार म्हणून फोडले गेले. त्यातील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर अनेकांना इजा झाली. त्याआधी, २००८ मध्ये, फ्रान्समधील एका कारखान्यात लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट-६० सापडले. तेथील वीस कामगारांना किरणोत्सर्गाचा संसर्ग झाला होता. बटनांच्या पोलादाचा माग काढत तपास भारतात, थेट खोपोलीतील एका फाउंड्रीपर्यंत आला. भंगारातून आलेला स्रोत भट्टीत वितळला होता. खोपोली पिंपरीपासून द्रुतगती मार्गाने तासाभराच्या अंतरावर आहे. चिखली-कुदळवाडीतील भंगाराची गोदामे महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जमीनदोस्त केली. परंतु कारखानदारी आहे तेथे भंगार राहणारच. एवढ्याशा स्रोतांचाही माग ठेवणे यंत्रणेला जमत नसेल, तर अणुभट्ट्यांची संख्या दहापट करण्यापूर्वी त्या यंत्रणेची डागडुजी व्हायला हवी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

न संपणारी राख

२२० मेगावॅटची भट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालते. त्यामुळे समृद्ध युरेनियमच्या भट्टीपेक्षा तिला प्रत्येक युनिटमागे बरेच अधिक इंधन लागते. तिच्या औष्णिक क्षमतेवरून हिशोब केला तर वर्षाकाठी ३५ ते ४० टन वापरलेले इंधन बाहेर पडेल. कोळशाच्या राखेच्या डोंगरापुढे हे वजन नगण्य आहे. परंतु त्यातील प्लुटोनियम-२३९ ची तीव्रता निम्मी होण्यास सुमारे २४ हजार वर्षे लागतात. शिवकाल आजपासून साडेतीनशे वर्षांमागे आहे आणि कार्ल्याची लेणी दोन हजार वर्षांमागे. त्याहून किती तरी दीर्घ काळ एखादी वस्तू सांभाळून ठेवण्याची जबाबदारी कोणत्याही मानवी संस्थेने आजवर पार पाडलेली नाही.

भारताचे धोरण वापरलेले इंधन फेकून न देता त्यावर पुनर्प्रक्रिया करण्याचे आहे. तुर्भे येथे १९६४ पासून आणि पुढे तारापूर व कल्पाक्कम येथे ही प्रक्रिया केली जाते. उरलेला तीव्र किरणोत्सर्गी द्रव काचेत मिसळून घट्ट केला जातो आणि तारापूर येथे खास बांधलेल्या कोठारात हवेने थंड ठेवला जातो. हे तंत्र भारतीय शास्त्रज्ञांनी स्वबळावर विकसित केले असून त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पुनर्प्रक्रियेने कचऱ्याचे आकारमान घटते, पण तो नाहीसा होत नाही. काचेचे ते ठोकळे कायमचे पुरण्यासाठी खोल भूगर्भातील जागा देशाने अद्याप निश्चित केलेली नाही. फिनलंडने ओंकालो येथे खडकात चारशे मीटरहून खोल बोगदे खोदून हे काम जवळपास तडीस नेले. अमेरिकेची युक्का पर्वतातील योजना मात्र अब्जावधी डॉलर खर्चूनही राजकीय विरोधामुळे गुंडाळावी लागली.

तारापूरचाच इतिहास येथे आठवावा. पहिल्या दोन भट्ट्यांचे इंधन अमेरिकेकडून येत असे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि वापरलेल्या इंधनाचे काय करायचे, यावर दोन्ही देशांचे एकमत झाले नाही. परिणामी ते इंधन दशकानुदशके तारापूरच्या पाण्याच्या टाक्यांतच राहिले. जे इंधन काही वर्षांत हलवले जाईल असे गृहीत धरले होते, त्याचा मुक्काम पिढ्यांचा झाला.

भट्टी कायमची मोडीत काढण्याचा खर्च हा आणखी एक दुर्लक्षित भाग. त्यासाठी अणुविजेच्या दरात युनिटमागे २ पैसे आकारले जातात. २२० मेगावॅटची भट्टी वर्षाला सुमारे १५४ कोटी युनिट देईल, असे मानले तर वर्षाला तीन कोटी आणि चाळीस वर्षांत सव्वाशे कोटी रुपये जमतील. व्याज धरून ही रक्कम वाढेल, हे मान्य. तरीही ब्रिटनमधील जुनी अणुकेंद्रे स्वच्छ करण्याचा अंदाजित खर्च शंभर अब्ज पौंडांच्या पुढे गेलेला असताना दोन पैशांचा हा भरवसा कितपत पुरेल, याचे उत्तर मिळायला हवे. नव्या कायद्यानुसार वीज खासगी कंपनी विकू शकते. वापरलेले इंधन आणि तीव्र किरणोत्सर्गी कचरा मात्र सरकारच्या ताब्यात राहणार आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. मग त्या हजारो वर्षांच्या सांभाळाचे भाडे आजच्या वीजदरात पूर्णपणे धरले जाणार की नाही? ते धरले गेले नाही, तर नफा कंपनीचा आणि कोठार जनतेचे, असा व्यवहार ठरेल.

दायित्वाचा प्रश्न

या पट्ट्यातील उद्योजकांचा अणुविजेशी संबंध केवळ ग्राहकाचा नाही. पुणे जिल्ह्यातीलच वालचंदनगर येथे अणुभट्ट्यांचे महत्त्वाचे भाग अनेक वर्षांपासून तयार होतात. पंप, झडपा, ओतीव आणि घडीव भाग यांसाठी पुरवठादारांची साखळी लागते आणि तशी कसबी मंडळी भोसरी-चाकणमध्ये आहेत. २०१० च्या कायद्यातील कलम १७(ब) अन्वये सदोष भाग पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा अधिकार भट्टी चालवणाऱ्याला होता. परदेशी कंपन्यांनी याच तरतुदीवर बोट ठेवून पंधरा वर्षे काढली, तर देशी पुरवठादारांनाही तिची धास्ती होती. काही लाखांचा भाग पुरवणाऱ्या कारखान्यावर शेकडो कोटींचे दायित्व येऊ शकते, ही भीती अनाठायी नव्हती.

नव्या कायद्याने ही तरतूद काढून टाकली. करारात तसे लेखी नमूद असेल किंवा हेतुपुरस्सर कृत्य असेल, तरच आता पुरवठादाराकडे जाता येईल. छोट्या कारखानदाराने सुटकेचा निःश्वास टाकला असेल, पण ही सूट त्याच्याबरोबरच महाकाय परदेशी कंपन्यांनाही मिळाली. भट्टी चालवणाऱ्याचे दायित्व आकारानुसार १०० कोटींपासून ३,००० कोटी रुपयांपर्यंत मर्यादित आहे. भट्टी जितकी लहान, तितकी मर्यादा खाली. त्यापुढची जबाबदारी सरकारची, म्हणजे अंतिमतः करदात्याची, आणि तिलाही वरची मर्यादा आहे. फुकुशिमाच्या दुर्घटनेचा भरपाई आणि साफसफाईसह एकूण खर्च जपान सरकारने २३.४ लाख कोटी येनवर नेला. भारतीय चलनात ही रक्कम तेरा लाख कोटी रुपयांच्या आसपास जाते. दोन आकड्यांमधील दरी एवढी मोठी आहे की तिला विमा म्हणणे धाडसाचे ठरेल. भोपाळमध्ये १९८९ साली ४७ कोटी डॉलरमध्ये झालेल्या तडजोडीनंतर पीडितांच्या किती पिढ्या न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या, हे देश अद्याप विसरलेला नाही.

भट्टी कोणाच्या गावात?

भट्टी चाकणसाठी उभारायची ठरली तरी ती चाकणला उभारता येणार नाही. भट्टीभोवती सुमारे एक किलोमीटरचे निर्मनुष्य क्षेत्र लागते. त्यापलीकडे वस्तीच्या वाढीवर निर्बंध येतात आणि जवळपास मोठे शहर नसणे हा जागा निवडीचा प्रमुख निकष असतो. २०११ च्या जनगणनेतच पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर होती. साहजिकच वीज येथे वापरली जाईल आणि भट्टी दुसऱ्या कोणाच्या तरी गावात राहील. कोकण किनारा सोडून देशावर ती न्यायची म्हटले, तर पाण्याचा प्रश्न येतो. २२० मेगावॅटच्या भट्टीची उष्णता मनोऱ्यांतून वाफेवाटे बाहेर टाकायला रोज दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागेल. भामा-आसखेड आणि पवना धरणांच्या पाण्यावरून शेतकरी व शहर यांच्यात आधीच तणाव आहे.

या तणावाची परिणती कशात होऊ शकते, हे २०११ या एका वर्षाने दाखवले. एप्रिलमध्ये जैतापूर प्रकल्पाच्या विरोधातील आंदोलनात साखरीनाटे परिसरात पोलिस गोळीबार होऊन एकाचा बळी गेला. ऑगस्टमध्ये पिंपरी-चिंचवडला पवनेचे पाणी बंद नळातून आणण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि तेथील गोळीबारात तिघांचे प्राण गेले. जलवाहिनीची योजना त्यानंतर बारा वर्षे स्थगित राहिली. एक योजना अणुऊर्जेची, दुसरी पाण्याची. दोन्हींमध्ये लाभ एका ठिकाणी आणि त्याग दुसऱ्या ठिकाणी होता आणि विश्वासात घेण्याचे काम शेवटासाठी राखून ठेवले गेले होते. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तेथील विस्थापितांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे उच्च न्यायालयात झगडावे लागले. माडबनच्या ग्रामस्थांना हे ठाऊक आहे. त्यांच्या विरोधाला केवळ अज्ञान म्हणून निकालात काढणे सोयीचे असले, तरी खरे नाही.

आधी हिशोब, मग करार

पर्याय नाहीतच, असेही नाही. दिवसाची सौरवीज साठवून रात्री वापरण्याचे मार्ग आता केवळ कल्पनेत राहिलेले नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात मावळातील शिरवटा आणि रायगडमधील भिवपुरी येथे मिळून २,८०० मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा सामंजस्य करार झाला. दिवसा स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि रात्री ते खाली सोडून वीज मिळवायची, हे त्याचे तत्त्व. अंदाजित खर्च १३ हजार कोटी, म्हणजे मेगावॅटमागे पाच कोटींहून कमी. त्यात सौरविजेचा खर्च मिळवावा लागतो, जंगल आणि जमिनीचे प्रश्न तेथेही आहेत आणि सलग पावसाळी दिवसांत साठवण अपुरी पडते. म्हणूनच कोळसा हटवायचा असेल तर अणुविजेला काही जागा राहील, असे मानणारे अभ्यासक चुकीचे बोलत नाहीत. मात्र ही जागा तिने इतर पर्यायांशी खुल्या हिशोबाने स्पर्धा करून मिळवली पाहिजे.

त्यासाठी कोणत्याही करारावर सही होण्यापूर्वी काही गोष्टी जनतेसमोर यायला हव्यात. बांधकामातील विलंब आणि व्याज धरून विजेचा दर किती असेल आणि तो वाढल्यास फरक कोण सोसेल? कचऱ्याच्या सांभाळाची आणि भट्टी मोडीत काढण्याची रक्कम दरात किती आहे आणि ती स्वतंत्र निधीत, सरकारी तिजोरीपासून अलग ठेवली जाईल का? नियमन मंडळाचे तपासणी अहवाल प्रसिद्ध होतील का? ज्या गावात भट्टी येईल, त्याला मोबदल्याशिवाय नकाराचा अधिकारही असेल का? या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाली, तर अणुविजेला विरोध करण्याचे कारण उरणार नाही. ती मिळत नसतील, तर घाई करण्याचे कारण उरणार नाही.

वीस वर्षांपूर्वी पुणे प्रारूपात या नगरीने खात्रीच्या विजेसाठी जादा पैसे मोजण्याची तयारी दाखवली होती, कारण बिल तिच्याच नावे होते आणि आकडा तिला वाचता येत होता. अणुविजेचे बिल मात्र तीन ठिकाणी विभागून येणार आहे. थोडे आजच्या ग्राहकाकडे, थोडे कोकणातील वा देशावरील एखाद्या गावाकडे आणि उरलेले अद्याप जन्माला न आलेल्या पिढ्यांकडे. यांपैकी पहिल्याचीच संमती विचारली जात आहे. उरलेल्या दोघांच्या वतीने प्रश्न विचारण्याचे कर्तव्य ही वीज वापरू इच्छिणाऱ्या नगरीवरच येते.